माझ्या नाकाकडे बघा

सकाळी जाग आली की चिमी आधी उशाशी ठेवलेला चष्मा चाचपायची, तो डोळ्यांवर चढवायची आणि तशीच बाथरूमच्या आरशापुढे जाऊन उभी राहायची. दहा महिने हाच नेम चालला होता. आरशात नाक दिसायचं, नाकाचा शेंडा डावीकडे झुकलेला दिसायचा, मग ती म्हणायची, "आहेच का अजून, मेलं!" आणि ब्रशवर पेस्ट घ्यायची. सुरुवातीला ती रडायची. मग काही महिने चिडायची. आता दोन्हीचा कंटाळा आला होता. दुखण्याला माणूस कंटाळतो हे तिला ठाऊक होतं, पण बरं होण्यालाही कंटाळतो, हे या वर्षात कळलं.

चिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पन्नाशीला टेकलेल्या, लेकीचं लग्न करून मोकळ्या झालेल्या बाईचं असलं नाव कुठे असतं? पण थोरल्या भावाने, दादाने, लहानपणी चिमणी म्हणायला सुरुवात केली, चिमणीची चिमी झाली आणि ती चिकटली ती चिकटलीच. दुकानात मात्र तिला सगळे बाई म्हणत.

दुकान चष्म्यांचं. तिथे नंबर काढणारा वेगळा, काचा घासणारा वेगळा, आणि तयार झालेला चष्मा गिऱ्हाइकाच्या तोंडावर नीट बसवून देणारी चिमी वेगळी. हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस तिच्या खुर्चीत बसून दाखवावं. हातात बारकी पक्कड, शेजारी काड्या गरम करायचा हीटर, आणि समोर टेबलावर जाड सपाट काच. फ्रेम आली की आधी ती उलटी करून काचेवर ठेवायची. दोन्ही काड्या टेकल्या तर फ्रेम सरळ, एक जरी अधांतरी राहिली तर वाकडी. मग गिऱ्हाइकाला समोर बसवायचं आणि म्हणायचं, "माझ्या नाकाकडे बघा." माणूस समोरच्याच्या नाकाकडे बघायला लागला की नजर बरोबर मधोमध येते, इकडे तिकडे पळत नाही. बावीस वर्षं ती दिवसाला पंचवीस-तीस वेळा हे म्हणत आली होती. आणि कपाळ बघा, ज्या नाकाकडे सगळ्यांनी बघितलं ते नाक वाकडं!

एखादं गिऱ्हाईक तणतणत यायचं, "बाई, चष्मा तिरका बसतोय, फ्रेम खराब दिलीत." चिमी फ्रेम काचेवर ठेवायची. दोन्ही काड्या टेकलेल्या. मग ती शांतपणे म्हणायची, "फ्रेम खोटं बोलत नाही हो. तुमचा एक कान वर आहे." काहींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, काही हसायचे. मग चिमी त्या कानाला साजेशी काडी वाकवून द्यायची आणि सगळं मिटायचं. चेहरे वाकडे असतात आणि चूक चेहऱ्याची असते, फ्रेमची नव्हे, हे तिच्या बोटांत मुरलं होतं.

आता नाकाचं. चिमी सात वर्षांची होती आणि दादा अकराचा. दादाने आयुष्यात पहिली वस्तू बनवली ती म्हणजे सी-सॉ, एका दगडावर आडवी टाकलेली फळी. चिमी एका टोकापाशी वाकून कुठे बसायचं ते बघत होती, आणि उत्साहाच्या भरात दादाने दुसऱ्या टोकावर धाडकन उडी मारली. फळी वर आली ती थेट तिच्या नाकावर. घरच्यांनी बर्फ लावला, म्हणाले, "लग्नापर्यंत होईल बरं." लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं. नाक डावीकडे वळलेलं ते वळलेलंच राहिलं आणि उजवी नाकपुडी बंद ती बंदच.

दादा पुढे सुतार झाला, तोही असा की ज्याच्या हातचं दार वीस वर्षांनीही कुरकुरत नाही. पण त्या दिवसापासून त्याला एक खोड लागली. चिमीशी बोलताना तो तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, कानाकडे बघून बोलायचा. "कशी आहेस?" कानाला. "जेवलीस का?" कानाला. चिमी थट्टा करायची, "दादा, कानात काय दिसतंय एवढं?" तो उठून पाणी प्यायला जायचा. बहीण चष्म्याच्या दुकानात असून हा गडी स्वतःचा चष्मा रस्त्यावरून तयार आणायचा. तिच्यासमोर बसला तर ती "माझ्या नाकाकडे बघा" म्हणणार, म्हणून. हे चिमीला कळत होतं. ती त्यावर कधी बोलली नाही.

गेल्या वर्षी मात्र तोच तिला हाताला धरून नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. "तोंड उघडं टाकून झोपतेस. जिना चढलीस की धापा टाकतेस. मी वाकडं केलं, मीच सरळ करून आणणार," असं तिच्या कानाला सांगून. ऑपरेशन चाललं होतं ते तीन तास तो बाहेरच्या बाकावर लाकडी घडीची पट्टी उघडत आणि मिटत बसला होता. वहिनी म्हणाली, त्या आवाजाने नर्सला वेड लागायचं बाकी होतं.

आणि मग सूज!

आठवडाभर नाकावर प्लास्टरचा साचा. पंधरा दिवस डोळ्यांखाली काळंनिळं. दोन उशांवर बसल्यासारखं झोपायचं, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, मीठ कमी, ऊन नको, वाकून केर काढायचा नाही. वरचा ओठ असा ताठ की हसली तर फक्त खालचा हसायचा. आणि सहा आठवडे नाकावर चष्मा टेकवायचा नाही! वजा नऊ नंबरच्या बाईने काय करावं? चिमीने चिकटपट्टीने चष्मा कपाळाला टांगला आणि तशी कामावर गेली. गिऱ्हाइकं बघत राहायची. मालक म्हणाले, "बाई, जाहिरात चांगली होतेय आपली." पट्टी काढताना रोज भुवयांचे चार केस जायचे. नाकी नऊ येणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कोणाला कळलं नसेल.

सहा आठवडे संपले आणि तिने आपला जुना चष्मा पहिल्यांदा नाकावर ठेवला. चष्मा तिरका बसला. उजवी काच खाली, डावी वर, आणि मधे नाक आपलं डावीकडे कललेलं. फ्रेम खोटं बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, "काढा चष्मा." तिने काढला. चष्म्याशिवाय तिला डॉक्टर म्हणजे एक पांढरा ढीग आणि त्यातून येणारा आवाज. आवाज म्हणाला, "छान बसतंय. थोडी सूज आहे." तिसऱ्या महिन्यात म्हणाला, "छान. शेंड्याला सूज आहे, ती सगळ्यात शेवटी जाते." सहाव्या महिन्यात, "सकाळी जास्त वाटेल, संध्याकाळी कमी. वर्ष लागतं, बाई. त्याआधी दुसऱ्या ऑपरेशनचं नावही काढायचं नाही, आणि नाक दाबायचं, घासायचं नाही." चिमी मनात म्हणायची, तुम्ही आपल्या हातच्या कामाला वाकडं कशाला म्हणाल! सुजेला बाळसं म्हणून खपवताय झालं.

शेजारणी भेटल्या की नाकाकडे बघून मान तिरकी करायच्या. "थोडंसं... नाही, छान आहे हो!" नवरा म्हणायचा, "मला तर बरं दिसतंय." पण त्याला नवा पडदासुद्धा महिन्याने दिसतो, त्याच्या साक्षीला काय किंमत? मालकांना तिने सरळच विचारलं. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "खरं सांगू? जरा डावीकडे आहे." नवी फ्रेम घ्यावी असं मनात यायचं, पण नाक रोज बदलतंय तर फ्रेम कशावर बसवणार? आधी सूज उतरू दे, मग बघू. म्हणून तीच फ्रेम, सहा वर्षांपूर्वी घेतलेली, घेतल्या दिवशीच पाच मिनिटांत स्वतःच्या तोंडाला बसवून टाकलेली.

आठव्या महिन्यात दादा तिच्याकडे आला. चहा दिला. अर्धा कप प्यायल्यावर त्याने तिच्या कानाला विचारलं, "झालं ना गं आता बरं?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवशी चिमी आठ महिन्यांची दमली होती. ती म्हणाली, "लहानपणी मोडलंस ते चुकून. या वेळी हौसेने मोडलंस."

दादाने कप खाली ठेवला. चपला पायात सरकवल्या आणि गेला. अर्धा चहा तसाच राहिला. त्यानंतर चार महिने तो आला नाही आणि तीही गेली नाही. फोन उचलायची, नंबर बघायची, ठेवून द्यायची. सांगायचं तरी काय? नाक तर अजून वाकडंच होतं. वर्ष भरलं की डॉक्टरांकडे जाऊन दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मागायची, हे तिने ठरवून टाकलं होतं. पुन्हा साचा, पुन्हा दोन उशा, पुन्हा वर्षभराची सूज. नुसत्या विचाराने तिला खाली बसावंसं वाटे. आणि या वेळी बाहेरच्या बाकावर कोण बसणार, हा विचार तर ती करायचीच नाही.

वर्ष भरायच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला.

"तुझ्या दादाने चष्मा मोडलाय. आठ दिवस झाले, काडी दोऱ्याने बांधून यंत्रापुढे उभा राहतो. बोट जाईल एक दिवस! मी सांगून थकले. तू ये बाई, नाहीतर मी तो चष्मा चुलीत घालते."

"तो बसेल का माझ्यासमोर?"

"बसवते मी. तू ये तर."

चिमी पक्कड, स्क्रू आणि नाकावर टेकणाऱ्या पॅडची डबी घेऊन गेली. दादाची कार्यशाळा घराला लागूनच. आत भुसा, गोंदाचा वास, भिंतीला टेकवलेलं कपाटाचं आरसा बसवलेलं एक दार. दादा टेबलापाशी रंधा मारत होता. वहिनीने त्याच्या हातातून रंधा काढून घेतला, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "हलायचं नाही." मग स्वतः दारात उभी राहिली, पळून जायला वाट नको म्हणून.

चिमीने त्याच्या डोळ्यांवरून चष्मा काढला, दोरा कापला, नवा स्क्रू बसवला, काडी सरळ केली. काम हातात आलं की तिला बरं वाटायचं. चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवला, मागे सरकून बघितलं, एक काडी जरा आत घेतली. आणि बावीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "माझ्या नाकाकडे बघा."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कोणाला म्हणालो ते. दादाची नजर तिच्या कानावर होती. ती हळूहळू सरकली. गालावर आली. मग त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या नाकावर येऊन थांबली.

चिमीला वाटलं, आता हा उठून पाणी प्यायला जाणार. पण तो बघतच राहिला. एक डोळा बारीक करून, फळीची कड बघतात तसा. कपाळावर आठी पडली.

"चिमे, चष्मा काढ."

"कशाला?"

"काढ म्हणतो ना."

तिने काढला. कार्यशाळा विरघळून गेली. उरला फक्त भुशाचा वास आणि समोर दादाच्या आकाराचा एक तपकिरी डाग. तो डाग जवळ आला, आणि दादाच्या खरखरीत बोटांनी तिच्या हातातून चष्मा घेतला.

"हा गुण्यात नाही," दादा म्हणाला.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. चिमीला ते माहीत होतं. तिला फक्त कळलं नाही, तो कशाबद्दल बोलतोय.

"नाक ना? माहीत आहे मला. उद्या तारीख घेणार आहे."

"नाक नाही गं बये, चष्मा! नाकाला काय झालंय? एक पॅड आत दाबलंय, एक बाहेर ओढलंय. थांब." चष्मा उलटा करून रंधलेल्या फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरा आवाज, टक टक, टक टक. एक काडी फळीवर टेकत नव्हती. दादा बोटाने ती दाबत होता आणि ती परत वर येत होती. "पेन्सिल जाईल खालून. कोणी केलाय असा?"

चिमीने हात पुढे करून फळीवरची काडी चाचपली.

कोणी केला होता? तिनेच. सहा वर्षांपूर्वी, दुकानात, पाच मिनिटांत. वाकड्या नाकावर सरळ दिसावी म्हणून फ्रेम वाकडी केली होती, आणि इतकी बेमालूम केली होती की स्वतःच विसरली. दिवसाला तीस फ्रेम काचेवर ठेवणाऱ्या बाईने आपली एकदाही ठेवली नाही. ठेवणार तरी कशी? चष्मा काढला की तिला काचच दिसायची नाही, आणि दुसऱ्याला 'माझी फ्रेम बघ' म्हणायला जीभ वळली नसती. दिव्याखाली अंधार तो हाच. सरळ नाकावर वाकडी फ्रेम ठेवून दहा महिने ती नाकाला शिव्या देत होती.

"हात्तिच्या!" ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. चार महिन्यांपूर्वीचं ते वाक्य तिच्या कानात वाजत होतं. वहिनी दारातून पुढे आली, पण दादाने तिला हाताने थांबवलं असावं, कारण पावलं थांबली.

"तुझं नाक सरळ आहे, चिमे," दादा म्हणाला. "वरून खालपर्यंत सरळ. शेंडा जरा जाड आहे."

"ती सूज आहे."

"असू दे. आणि श्वास?"

वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. चिमीने तोंड मिटलं आणि हवा आत घेतली. दोन्ही बाजूंनी आली. उजवीकडूनही, गार, सरळ आत.

"येतो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

तिने आठवून पाहिलं. दोन उशा सोडल्या तेव्हापासून? जिना चढून थेट कुलूप उघडायला लागली, मधे थांबणं बंद झालं, तेव्हापासून? "सहा-सात महिने झाले असतील. मी लक्षच दिलं नाही, दादा."

दादा घसा साफ करून म्हणाला, "लहानपणी तू शेजारी झोपायचीस. रात्रभर नाकातून शीळ वाजायची तुझ्या. मी ऐकत पडायचो."

हेही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

चष्मा सरळ करायचा तर चिमीला दिसत नव्हतं. म्हणून पक्कड दादाच्या हातात दिली आणि ती सांगत गेली. "डावं पॅड बाहेर घे. हळू! लाकूड नाही ते. आता उजवं आत. थोडं. बास. काडी उचल. फळीवर ठेव. टेकल्या दोन्ही?"

"टेकल्या."

दादाने स्वतःच्या हाताने तो तिच्या नाकावर ठेवला, कच्च्या अंड्याला हात लावावा इतक्या बेताने. कपाटाच्या दाराच्या आरशात एक दमलेली, रडून लाल झालेली बाई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर चष्मा आडवा होता आणि मधे नाक उभं होतं. सुंदर वगैरे काही नव्हतं. शेंडा जाडच होता, आणि तो अजून बधिरही होता. पण सरळ होतं.

चिमी वळली. "दादा, मी त्या दिवशी बोलले ते... तुझ्यापुढे नाक घासायला हवं मी."

"वेडी आहेस का? डॉक्टरांनी वर्षभर नाक घासायचं नाही म्हणून सांगितलंय."

"उद्या भरतंय वर्ष. दहा वाजता बोलावलंय."

"मग उद्या घास." तो अजून तिच्या नाकाकडेच बघत होता, एकदाही कानाकडे न जाता. "दहाला ना? मी येतो. बाकावर बसतो. आणि येताना तुझ्याकडे थांबू, माझा अर्धा चहा राहिलाय."